साडूंच्या पिकअपचे मडफ्लॅप

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात स्वतःहून एकही गोष्ट ठरवली नव्हती, आणि तरीही अख्ख्या राजुरीत त्यांच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नव्हता. सकाळी आंघोळ आधी की चहा आधी, इथूनच त्यांचा दिवस अडायचा. चपला घ्यायला गेले की दोन जोड बांधून घ्यायचे, घरी दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी एक परत करायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं जिलेबी की गुलाबजाम असं विचारलं, की ते इतके विचारात पडत की वाढपी कंटाळून पुढं जाई आणि साडू नुसत्या वरणभातावर उठत. एकदा तर मिशी ठेवावी की काढावी हे ठरेना, म्हणून न्हाव्याला अर्ध्यावर थांबवून ते गळ्यातल्या फडक्यासकट घरी विचारायला आले होते. अक्का चुलीपुढे होती. तिनं एकवार वर पाहिलं आणि म्हणाली, "काढा." साडू आनंदानं परत गेले.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूंच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे असत आणि तीही एकेका शब्दाची. कांदा विकू का ठेवू? ठेवा. लग्नाला जाऊ का नको? जावा. हातातलं काम न थांबवता ती सांगायची आणि त्या शब्दावर साडू निश्चिंत व्हायचे. गावातली माणसं त्यावरून हसत, पण त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. "आपल्याला इचारायला माणूस हाय," ते म्हणत, "बाकीच्यांना कोण हाय?"

नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो न्यायला त्यांनी पिकअप घेतली, तेव्हा कुठली घ्यायची, कुठल्या रंगाची, टपावर कुठल्या देवाचं नाव लिहायचं, सगळं अक्कानंच सांगितलं. राहिली एकच गोष्ट. सीट कव्हर बसवताना दुकानदारानं विचारलं, मडफ्लॅप टाकायचे का? मडफ्लॅप म्हणजे चाकांच्या मागं लोंबणारे रबराचे पडदे, मागून येणाऱ्याच्या अंगावर चिखल, खडी उडू नये म्हणून. साडू म्हणाले, घरी विचारून सांगतो. त्या दिवशी अक्का बरोबर नव्हती. सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं.

ते दुखणं थांबलंच नाही. तपासण्या झाल्या, पुण्याच्या चकरा सुरू झाल्या आणि मडफ्लॅपचं विचारायचं राहून गेलं. पुढं हॉस्पिटलात एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. साडू स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. सोलता सोलता त्यांनी हळूच विचारलं, "ते मडफ्लॅपचं राह्यलंय बघ. टाकू का नको?"

अक्का खिडकीकडे बघत होती. मग तिनं मान वळवून सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते आता तुमीच ठरवा."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या ऐकण्यात काही चूक झाली होती. नंतर बाहेरच्या बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, "पावणं, अशी कदी बोलली न्हाई ती." डॉक्टरांनी आम्हाला जे काही सांगितलं होतं, त्यानं ते जेवढे घाबरले नव्हते तेवढे या एका वाक्यानं घाबरले होते. दिवाळीच्या आधीच अक्का गेली.

दहाव्याला नदीकाठी आम्ही पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे होतो.  तेवढ्यात साडू माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "मडफ्लॅप टाकावं का न्हाई, तुमाला काय वाटतं?" शेजारच्या दोघातिघांनी ऐकलं. याला वेड लागलं, असं एकजण तोंडावरच बोलला. मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून त्यांनी हा प्रश्न भेटेल त्याला विचारला. बाजारात हमालांना विचारला, दूध घालायला आलेल्यांना विचारला, ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला तेव्हा उभं राहून तिथंही विचारला. कुणी म्हणे टाका, मागच्याचे डोळे वाचतात. कुणी म्हणे नका टाकू, बांधावर गाडी मागं घेताना रबर चाकाखाली सापडून फाटतं. साडूंना सगळ्यांचंच पटायचं. दर बाजाराला ते त्या दुकानात जात, दुकानदाराला फ्लॅप चाकामागं धरून उभं राहायला लावत, चार पावलं मागं जाऊन बघत, चहा पाजत आणि निघून येत. दुकानदार भला माणूस. तो बिचारा दर वेळी धरून उभा राहायचा.

माझ्या बायकोचा आवाज हुबेहूब अक्कासारखा. आमच्या घरी आले असताना त्यांनी तिलाही विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "टाका." साडू एकदम ताठ बसले. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण ते म्हणाले, "आवाज तिचाच हाय. पर इचारलं तिला व्हतं." आणि तसेच उठून गेले.

गेल्या श्रावणात आम्ही दोघं पिकअपनं भीमाशंकरला गेलो. परतताना पावसाची झड होती आणि डिंभ्याच्या अलीकडे रस्ता नुसता लाल चिखल झालेला. आमच्या मागं मोटरसायकलवर एक नवरा-बायको होते. रस्ता अरुंद, त्यांना पुढं निघता येईना आणि आमच्या चाकांचा चिखल थेट त्यांच्या तोंडावर. साडू आरशात बघत होते. मीही वळून पाहिलं. मागं बसलेल्या बाईनं नवऱ्याच्या खांद्यावरून हात लांब करून त्याच्या तोंडापुढं आपला पदर धरला होता. तिचं स्वतःचं तोंड चिखलानं माखलं होतं.

साडूंनी गाडी बाजूला घेतली. पाण्याचा कॅन घेऊन ते खाली उतरले आणि दोघांच्या हातावर पाणी ओतत उभे राहिले. नवरा रागानं बोलत होता. साडू मान खाली घालून म्हणत होते, "चुकलं माजं. लई उशीर केला मी." कशाला उशीर, हे त्या माणसाला कळायचं कारण नव्हतं. बाईनं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, जाऊ द्या, चला आता.

तिथून साडूंनी गाडी थेट नारायणगावला नेली. दुकानापुढं गाडी उभी करून त्यांनी काच खाली केली आणि सांगितलं, "मडफ्लॅप टाक. चारी चाकांना." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं ड्रिल मशिन काढलं.

काम थोड्याच वेळात झालं. दुकानदार शटरला कुलूप लावून गेला, पण साडू गाडी सुरू करीनात. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत बसले होते. काचेवर बारीक पाऊस साचत होता.

"बरं झालं, टाकलं ते," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पर पावणं, आता तिला इचारायचं काई राह्यलं न्हाई."

 आम्ही तसेच बसून राहिलो. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.