प्रभुभोजनाची भाकर

आमच्या मेथडिस्ट देवळाची कोणी तारीफ केली की मी विषय बदलते. देऊळ देखणं आहे, ते मी नाकारत नाही. काळा दगड, सातपुड्यातल्या सागवानाचं छप्पर. मोठ्या दुष्काळात गोऱ्या साहेबाने खिचडी वाटली, तिथून आमची मंडळी सुरू झाली. पुढे आमचे निम्मे सोयरे बौद्ध झाले, तेव्हा राहिलेले आम्ही त्यांना ऐकवायचो, आमच्याकडे देवाच्या मेजावर सगळे सारखे. हे ऐकवणाऱ्यांत मीही होते, पण तानाबाईचं जे झालं ते पाहिल्यावर माझी जीभ वळेना.

तानाबाई माझी शेजारीण, एकटी विधवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब जी भाकर मोडून आम्हाला देत, ती करायचं काम तिचं. गव्हाची, बिनखमिराची, जाडसर. मिशनच्या मडमेने शिकवलेली. शनिवारी अंघोळ करून, गीत गुणगुणत ती भाकर भाजायची. मिरवावं असं दुसरं काही तिच्या घरात नव्हतंच.

महाराष्ट्र झाला त्या साली तव्याला तिचं बोट चिकटलं, चरचर आवाज झाला, जळका वास आला, आणि तिला पत्ताच नाही. मीच हात ओढला. डॉक्टरांनी महारोग सांगितला. ती दूरच्या दवाखान्यात राहिली, गोळ्या खाल्ल्या, दोनेक वर्षांनी बरी होऊन आली. आता हिच्यापासून कोणाला काही होणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोन बोटं तेवढी आखडलेली. मंडळीने टाळ्या वाजवून उपकारस्तुती केली, आणि भाकरीचं काम तिच्याकडून काढून घेतलं.

"मंडळीच्या मनाला जपावं लागतं," पाळकसाहेब म्हणाले.

"साहेब, रोग अंगात होता तवा समद्याइनं तिच्या हातची खाल्ली," मी म्हणाले. "आता रोग गेला, तर काऊन किळस येऊन राह्यली?"

ते खोकले. मग टोपी घालून निघून गेले.

भाकरीचा मान गेला खजिनदार वामनरावांच्या बायकोकडे, सत्यभामाबाईकडे. तिची पहिली भाकर म्हणजे चपलेचा तळवा. पाळकसाहेब वेदीसमोर दोन्ही हातांनी ओढतायत आणि भाकर काही मोडत नाही. पोरं खुदूखुदू हसली. पुढच्या महिन्यात सत्यभामाबाई पिठाचा डबा घेऊन मागच्या दाराने तानाबाईकडे हजर झाली.

"कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "तू करून देत जाय, देवळात मी घेऊन जाईन."

तानाबाई कबूल झाली. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं आणि तिच्यावर भडकले.

"मावशी, मेहनत तुमची अन् मान तिचा?"

"माह्या हातची देवाच्या मेजावर जाते ना," तानाबाई म्हणाली. "मंग नाव कोनाचं का असंना. देवाले ठाऊक हाय." तिचा चेहरा इतका सुखी दिसत होता की मीच पीठ चाळायला घेतलं.

वर्षभर हे चाललं. सत्यभामाबाईच्या हाताला काय गोडी आहे, असं लोक म्हणायचे आणि बाई मान खाली घालून तारीफ गिळायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा.

मग पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आला. आम्ही वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले. तानाबाईशेजारी कोणी टेकत नसे, म्हणून ती सर्वांच्या शेवटी जायची. माझ्या बाजूला सत्यभामाबाई होती. पाळकसाहेबांनी तिच्या तळहातावर तुकडा ठेवला. तिने हात तोंडाशी नेला, ओठ हलवले, आणि मूठ तशीच पदराखाली घातली. म्हणजे सगळ्या मंडळीला जी भाकर ती चारत होती, ती स्वतः कधीच खात नव्हती.

ती उठली तशी पदर सरकला आणि तुकडा फरशीवर पडला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. समोरून तानाबाई येत होती. तिने तुकडा पाहिला, पाठमोऱ्या सत्यभामाबाईला पाहिलं. मग वाकून आखडलेल्या बोटांनी तो उचलला, फुंकर मारली, कपाळाला लावला आणि खाल्ला. कठड्यापाशी ती गेलीच नाही. आपल्या जागेवर परत जाऊन बसली.

पुढच्या महिन्यात डबा आला तेव्हा मी तिच्याकडेच बसले होते. तानाबाईने तो उघडला नाही. उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला.

"काऊन वो?" सत्यभामाबाई म्हणाली. "बरं नाही का?"

"बरी हाव मी," तानाबाई म्हणाली. "पन साल झालं, तुमी देवाच्या घरून उपाशी जाऊन राह्यल्या. आता तुमीच करत जा, बाई. तुमच्या हातची असली म्हणजे तुमाले बी खाता येईल."