माझ्या वतीनं कोण बोलेल

अमरावतीकडच्या वलगावजवळ आमचं भाजीचं आणि झेंडूचं शेत. माझं माहेर तेल्हाऱ्याचं. घरात मी, माझा नवरा आणि थोरली जाऊ. तिला मी ताई म्हणते. ती तोंडानं फटकळ आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर माझी झोप उडाली. थकवा मात्र नव्हताच. उलट एवढी ताकद आली होती की वाटे, आतापर्यंत मी अर्धीच जगले. मी अखंड बोलत असे. घरच्यांना माझा वेग झेपत नाही याचा राग येई. एका सकाळी मी अर्धवट उमललेला झेंडू तोडला, माळा केल्या आणि परतवाड्याच्या रस्त्यावर मधोमध उभी राहिले. येणारा प्रत्येक ट्रक अडवून त्याला माळ घालायची, म्हणजे अपघात थांबतील, अशी माझी पक्की खात्री होती. एका ट्रकनं करकचून ब्रेक दाबला तेव्हा त्याचं बंपर माझ्या पोटापासून हातभर लांब होतं. मी हसत होते.

दुपारी मला गाडीत बसवलं. नवरा म्हणाला, "अकोल्याले लग्न आहे, चाल."

मी खुशीत निघाले. मूर्तिजापूरच्या अलीकडे ताईनं माझा हात धरला.

"लग्न नाही," ती म्हणाली. "तुले दवाखान्यात नेऊन राहिलो. तू बिमार आहे. माह्यावर राग काढ, चालते मले."

मी तिच्या मनगटाला चावले. तिनं हात सोडला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, आपण कुठं आहोत, कशासाठी आलोय, औषध घेतलं नाही तर काय होऊ शकतं? मी सांगितलं, ट्रकवाले माझी वाट पाहताहेत. आणखी एका डॉक्टरांनी वेगळं बसून तेच विचारलं. मग बाई नवऱ्याला आणि ताईला, माझ्यासमोरच, म्हणाल्या, "सध्या ह्यांना स्वतःचं बरंवाईट तोलता येत नाहीये, आणि जिवाला धोका आहे. म्हणून कायद्यानं काही दिवस ह्यांना इच्छेविरुद्ध ठेवता येतं. पण ह्यांची समज मला पुन्हापुन्हा तपासावी लागेल. ज्या दिवशी समज परत येईल, त्या दिवसापासून निर्णय ह्यांचा." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला हे मान्य नसेल तर मानसिक आरोग्याच्या सरकारी मंडळाकडे तक्रार करता येते. आम्ही मदत करू." मी त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

ते दिवस मला तुटक आठवतात. दारं बंद, खिडकीतून दिसणारं कडुलिंबाचं झाड, जिभेवर औषधाची कडू चव. हळूहळू झोप आली. मग लाज आली. बाई दर काही दिवसांनी येत आणि तेच प्रश्न विचारत.

एके दिवशी नवरा भेटायला आला असताना मी उत्तर दिलं. "मी आजारी होते. अजूनही आहे. औषध सोडलं तर परत रस्त्यावर जाईन. पण ह्या गोळीनं हात थरथरतात. मेथीच्या जुड्या बांधायच्या असतात मला. दुसरी गोळी असेल तर द्या."

नवरा घाईनं म्हणाला, "तिले काय समजते, डॉक्टर! तुमी देता तेच चालू राहू द्या."

बाई म्हणाल्या, "आता त्यांना समजतं. आता त्यांच्या म्हणण्याप्रमाणं होईल. त्यांना घरी जायचं असेल तरी जाता येईल."

दार उघडं आहे, हे इतक्या सरळ कोणी सांगेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "नवी गोळी मानवते का ते पाहून जाते." आत आणलं होतं धरून, राहिले मात्र माझ्या मर्जीनं.

निघण्याआधी बाईंनी विचारलं, पुन्हा कधी अशी वेळ आली तर तुमच्या वतीनं कोणी बोलावं? कोणालाही निवडा. नवऱ्यानं खुर्ची पुढं सरकवली.

"ताई," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काहून वं? म्या काय वाईट केलं?"

"तुमी लग्न सांगतलं."

तो चपलेनं माती उकरू लागला. मग म्हणाला, "मले भेव लागलं होतं. तू गाडीतून उडी मारशीन म्हून."

तेव्हा कळलं, तो खोटं बोलला तेही मला जिवंत ठेवण्यासाठीच. माझा राग तिथंच विरला. निवड मात्र मी बदलली नाही, आणि बदल असं त्यानं म्हटलंही नाही.

त्यानंतर एकदा, ऐन उन्हाळ्यात, झोप पुन्हा कमी व्हायला लागली. मीच ताईला म्हटलं, "चला, अकोल्याले जाऊ." औषध थोडं वाढवून बाईंनी त्याच दिवशी परत पाठवलं.

आता मी बरी आहे. त्या डॉक्टर बाईंचं माझ्यावर मोठं ऋण आहे, आणि ज्यांनी कोणी कायद्यात ते पुन्हापुन्हा विचारणं घालून ठेवलं, त्या अनोळखी माणसांचंही. ताईशी माझं अजून कडाक्याचं भांडण होतं, मिरचीला पाणी कधी सोडायचं यावरून, बाजारात कोणी जायचं यावरून. ती मला आळशी म्हणते, हट्टी म्हणते. पण इतक्या वर्षांत एकदाही, भांडण जिंकण्यासाठी, तिनं मला 'बिमार' म्हटलेलं नाही.