घासलेलं पदक

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. मिरजगावला आमच्या घरी पुण्याहून एक माणूस आला. जुनी पदकं जमवायचा त्याला नाद होता म्हणे. माझे वडील महायुद्धात सुभेदार होते. त्यांचं शौर्यपदक आणि पलटणीतले कागद त्याला बघायचे होते. वडिलांचं वर्षश्राद्ध होतंय तोच हा हजर! भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं खिशातून भिंग काढून पदकाची कड न्याहाळली. "इथं नाव कोरलेलं असतं. हे तर कोरं आहे. त्यांचंच कशावरून?"

म्हणजे चोर आम्हीच! अहो, दर खंडेनवमीला आई विळ्या-कुऱ्हाडीबरोबर ते पदकही चिंच-राखेनं घासून पूजेला मांडायची. नाव त्यातच झिजलं होतं.

"नावाशिवाय याला किंमत नाही. तरी नेतो मी, कागदांसकट," तो म्हणाला.

"किंमत नाही, तर नेता कशाला?" मी विचारलं.

आईनं त्याच्या हातातून पदक घेतलं आणि पदरानं पुसलं.

"दुसऱ्याचं असतं, तर मी इतकी वर्सं घासलं असतं व्हय?"