चाचांचा हरलेला बॉक्सर

चाचांना अब्राहमची गोष्ट बसून सांगता येत नसे. आखातातल्या हवल्ली गावातल्या त्यांच्या शिंप्याच्या दुकानात कुणी ते नाव काढलं, की मशीन थांबायचं. चाचा उठून डावा पाय पुढे टाकायचे, मुठी हनुवटीशी न्यायचे. गळ्यातली टेप लोंबतच असायची.

अब्राहम त्यांच्या रायगडच्या गावचा ज्यू, शनवारतेल्यांपैकी. या मंडळींचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून हे नाव. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो मुंबईच्या गोदीत लागला, गोऱ्या खलाशांकडून बॉक्सिंग शिकला आणि त्यांचाच मार खात बरा लढू लागला. चाचांचे आजोबा रिंगच्या कोपऱ्यात त्याची बादली आणि टॉवेल सांभाळत. "जिंकला की कोंबडी, हरला की डाल," चाचा सांगत. "आजा म्हनायचा, आमी डालीवरच वाढलो."

आमच्या मराठी मंडळाचे पडदे, नाटकांचे पोशाख आणि अध्यक्षांचा जोधपुरी कोट चाचाच शिवत. कोट दरवर्षी थोडा उसवावा लागे. मंडळाची वाढ मोजायचं तेवढंच एक विश्वसनीय साधन होतं.

यंदा चाचा दुकान आवरून कायमचे गावी निघाले. जाण्याआधी त्यांना संमेलनात अब्राहमची गोष्ट सांगायची होती. "माज्यामागं सांगनारा कोन नाय. माजी पोरं इंग्लिशमदी हसतात."

अध्यक्ष कोट घालून बघायला आले होते. ते खूश झाले. "पत्रिकेत 'कोकणचा चॅम्पियन' छापू!"

चाचांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "चॅम्पियन नवता तो."

"अहो चाचा, कोण तपासायला येतंय? लोकांना चॅम्पियन लागतो."

"मंग राहू द्या, साहेब."

मग त्यांनी कारण सांगितलं. अब्राहमची सगळ्यात मोठी लढत शनिवारी संध्याकाळी ठरली. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्याचा सब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा; तोवर तो हात उचलणार नव्हता. आजोबांना तारे बघायला गच्चीवर पाठवलं. खाली लोक शिव्या देत होते, खुर्च्या आपटत होते. "रमजानचा चांद बघनारे डोले आज्याचे. तिसरा दिसल्याबिगर हाक नाय दिली त्यानं. आनि मी चॅम्पियन सांगू?"

एक बाही अंगात आणि एक टेबलावर, अशा अवस्थेत माणूस फार वेळ अध्यक्ष राहू शकत नाही. पत्रिकेत 'एका बॉक्सरची गोष्ट' एवढंच छापलं गेलं.

संमेलनात चाचा माइकपासून दूरच उभे राहिले, डावा पाय पुढे. "हा मानूस हरला," त्यांनी सुरुवात केली. "आता कसा हरला ते ऐका."

गोष्ट गच्चीवर पोचली तेव्हा त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. एक तारा. दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही. हॉलच्या छताला एसीचे पाइप आणि मागच्या कार्यक्रमाचा एक फुगा होता. अध्यक्षांसकट सगळे वर बघत होते.