कृतज्ञतेची वही आणि माझी लाल सही

आमच्या प्राचार्यांना मुलांच्या मनःस्वास्थ्याची काळजी एका कार्यशाळेहून परतल्यावर लागली. लगेच फतवा निघाला: पहिल्या तासाला प्रत्येकानं 'कृतज्ञता वही'त आभार मानावेत अशा तीन गोष्टी लिहायच्या आणि शनिवारी वर्गशिक्षकानं वह्या तपासायच्या. ऑक्टोबरच्या उन्हात वर्गातला कुलर ठणठणीत कोरडा, पण कृतज्ञता मात्र ओसंडून वाहिली पाहिजे. घ्या आता!

प्रॅक्टिकलच्या वह्या तपासण्यात माझी हयात गेली. पान उलटायचं, लाल शाईनं 'छान!' लिहायचं, सही ठोकायची. साठ वह्या एका चहात. पहिल्या शनिवारी चार-पाच वाचल्याही. सगळीकडे तेच: आई-बाबा, गुरुजन, मोबाइल. एका पठ्ठ्यानं तर 'सर तास लवकर सोडतात' म्हणून माझे आभार मानले होते. मग वाचतो कशाला? स्टाफरूममध्ये या थोतांडाची सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो.

दिवाळीनंतर महिनाभरानं एक मुलगी कॉलेज सोडल्याचा दाखला मागायचा अर्ज घेऊन आली. उमरेडहून रोज बसनं यायची, शेवटच्या बाकावर बसायची. अर्जावर माझी सही हवी होती.

"काहून वं, मधातच काहून सोडून राहिली?"

"वहीत लिहिलं हाये, सर."

गठ्ठ्यातून तिची वही काढली. पहिल्या पानावर आई-बाबा, गुरुजन. मग: 'आज मी मले-तुले बोलली, तरी कोणी हसलं नाही. आभार.' पुढे: 'आज मी बोललीच नाही.' मग: 'डबा बसस्टँडवर खाल्ला. तिथं एकटी काहून, असं कोणी विचारत नाही.' दिवाळीआधीच्या पानावर एकच ओळ होती: 'सर, तुम्ही वाचत असाल तर मले थांब म्हणा.'

प्रत्येक पानाखाली माझं लाल 'छान!' होतं. त्या ओळीखालीही. मला लाज वाटली, खूप लाज वाटली. प्राचार्यांना हसण्यात मी शहाणा ठरलो होतो ना!

"थांब, बेटा," मी म्हणालो. "सोडू नको."

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"बस निघून जाईन, सर. करून द्या ना सही. तुम्ही तं न वाचताच करता."