मनगटाला तीन वेढे

हेलिकॉप्टरच्या ओझ्याची दोरी मी मनगटाला गुंडाळली. एक वेढा नाही, तीन. असं करायचं नाही, हे त्याच सकाळी सहा वाजता सांगितलं गेलं होतं आणि "समजलं" म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडलो होतो मीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लष्करातली आमची इंजिनिअर कंपनी नागपूरला होती. उत्तरेकडचा एक पूल पुरात गेला आणि पलीकडची गावं तुटली. तात्पुरत्या पुलासाठी सागाचे ओंडके डोंगरावर कापून तयार होते, पण खाली आणायचा रस्ता चिखलात गेला होता. म्हणून हेलिकॉप्टर आलं.

ते डोक्यावर येऊन थांबलं तेव्हा मी काम विसरून तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तोंडात पाचोळा गेला. जो ओंडका सोळा जणांनी तरफा लावून जेमतेम कुशीवर वळवला होता, तो त्याने अलगद उचलला आणि दरीवरून घेऊन गेला. मी सॅल्यूट ठोकला. कोणाला, ते आजही सांगता येणार नाही.

आमच्या पार्टीचे प्रमुख होते नाईक गुलाब मेश्राम. नागपूरचेच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. मी नरखेड तालुक्यातला, म्हणून माझं नाव त्यांनी "नरखेड" ठेवलं होतं. त्यांचे नियम मोजके. हेलिकॉप्टरच्या हुकात साठलेली वीज जमिनीत उतरवायला आधी अर्थिंगची सळई लावायची, मग हात. ओंडका उचलला की चढाच्या बाजूला पळायचं. ओंडक्याखाली कोणीही जायचं नाही. आणि ओंडका फिरू नये म्हणून धरायची गाइड रोप उघड्या तळव्यात धरायची.

"नरखेड, दोरी कशी धरशील गा?"

"घट्ट."

"मंग तू बी वर जाशील. सोडता आली पाह्यजे, अशी धर."

पण घरी मस्तीखोर बैलाचा कासरा मी लहानपणापासून मनगटाला गुंडाळूनच धरलेला. तिसऱ्या फेरीला, दहा वाजून वीस मिनिटांनी, ओंडका गिरकी घेऊ लागला आणि हाताने जुन्या सवयीने वेढे घेतले. डोकं मध्ये पडलंच नाही.

दोरी ताणली. बूट जमिनीवरून हातभर सुटले. मी ओंडक्याखाली लोंबकळत होतो आणि पायलटला मी दिसत नव्हतो.

मेश्राम रेडिओवर ओरडले नाहीत. सरळ आवाजात म्हणाले, "होल्ड. मॅन ऑन रोप. लोड खाली घेऊ नका, माणूस खाली आहे. ओव्हर."

"होल्डिंग. ओव्हर."

आणि ते अवजड यंत्र हवेत खिळ्याला टांगल्यासारखं थांबलं. मी खाली, मनगट सोलून निघालेलं, तरी मनात आलं, काय हात आहे या पायलटचा!

मेश्राम रेडिओ टाकून धावले. ओंडक्याखाली जायचं नाही हा नियम त्यांचा. तो त्यांनी एकदाच मोडला. कोयत्याने दोरी कापली, मला चढाकडे ढकललं. दोरीचा ताण सुटला तसा ओंडका हेलकावा खाऊन फिरला आणि त्याचं टोक त्यांच्या डोक्याला लागलं. दहा वाजून बावीस मिनिटं. इस्पितळात न्यायची गरज उरली नाही.

लष्करी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, मी वेढे तीनच सांगितले. दोन सांगायचा मोह झाला होता. त्यानंतर गाइड रोपचं शेवटचं हातभर टोक सुतळीचं झालं, माणसाचं वजन पडलं की तुटेल असं. प्रत्येकाच्या पट्ट्याला चाकू आला. खाली कोणी नाही अशी शिट्टी झाल्याशिवाय ओंडका उचलायचा नाही, असं ठरलं. रोज सकाळी सहाला हे शिकवायची ड्यूटी माझी. शिकवायचं साधन माझं मनगट. पूल होईपर्यंत दुसरं कोणी जखमी झालं नाही.

मग मी मेश्रामांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी मेश्रामांचा गणवेशातला फोटो. त्यांच्या आईने न विचारता ताट वाढलं. चूक माझी होती, हे मी आधीच सांगितलं. त्यांनी ताटात आणखी भात वाढला आणि मी बोलतच सुटलो: सुतळी, चाकू, शिट्टी, सगळं, हातवारे करून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"त्यानं सांगतलं तवा तू ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "अन् आता बोलून राहिला. गप जेव."