माणिकप्पाच्या घरचं दूध

निंबर्ग्यात माणिकप्पाला लहानथोर सगळे पैलवान म्हणायचे. खरं तर तो आयुष्यात एकदाही कुणाच्या अंगाला भिडला नव्हता. जत्रेत कुस्त्या लागल्या की हा फडाच्या कडेला हाताची घडी घालून उभा, आणि हलगी तापली की मुकाट घरी. त्याचं भांडण मरणाशी होतं, आणि ते तो रोज पहाटे स्वतःच्या परसात भांडायचा.

मानमोडीच्या साथीत त्याचे वडील आणि दोन थोरले भाऊ आठ दिवसांत गेले. अठरा वर्षांचा माणिकप्पा तेवढा वाचला, तोही असा की अंगावरच्या बरगड्या लांबून मोजून घ्याव्यात. आळंदच्या वैद्याने नाडी पाहिली आणि हा काही तिशी बघत नाही, असं त्याच्या तोंडावरच सांगून टाकलं. घरी आल्यावर त्याच्या आईने, शरणम्माने, गोठ्यातल्या एकुलत्या एक म्हशीकडे बोट दाखवून घराला कायदा घालून दिला.

"हिचं दूध आजपास्नं एकाच तोंडाला. बाकीच्यानी ताक प्यावं."

बाकीचे म्हणजे तेव्हा ती एकटीच होती. त्यामुळे कायदा कुणाला जाचला नाही.

भीतीने लोक देवाला लागतात. माणिकप्पा व्यायामाला लागला. तांबडं फुटायच्या आत ओढ्यापर्यंत पळत जायचं, परत येऊन शंभर जोर, दोनशे बैठका, मग मुदगल फिरवायचे. त्यावर चंबूभर धारोष्ण दूध आणि मूठभर भिजवलेले हरभरे. दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, लोण्याचा गोळा. दिवस मावळायच्या आत रात्रीचं जेवण उरकलेलं. तळलेलं नाही, तिखट नाही, आणि चहा तर नावही काढायचं नाही. गुलबर्ग्याहून कुणी चहाची पुडी आणली असं कळलं की हा त्याच्या ओट्यावर जाऊन तासभर भाषण द्यायचा, आणि तो बिचारा माणिकप्पा उठून जाईपर्यंत आधण ठेवायचं थांबायचा. तीन-चार वर्षांत खोकला गेला, छाती भरली. देवळापुढचा गोल दगड खांद्यावर घेऊन तो प्रदक्षिणा घालू लागला. त्याची तिशी उजाडायच्या आधी वैद्यच वारला, हे तो फार चवीने सांगायचा.

मधल्या काळात लग्न झालं आणि पार्वतम्मा घरात आली. सावळी, शेलाटी, बोलण्यात पटाईत. पहाटे ती जात्यावर बसायची आणि दळता दळता परसातल्या त्याच्या बैठका मोजायची.

"किती झाल्या गं?" तो धापा टाकत विचारायचा.

"एकशे चाळीस."

"आन् मघा दीडशे म्हनलीस की."

"मघा माझं चुकलं. करा की अजून दहा, कुणाचं काय जायलंय?"

तो हसत हसत पुन्हा बसायचा. त्याचा तिच्यावर जीव होता, हे कुणीही नाकारणार नाही. बाजाराला गेला की तिच्यासाठी काचेच्या बांगड्या न विसरता आणायचा. हात उगारणं सोडाच, आवाजही चढवला नाही त्याने कधी.

पुढे शरणम्मा गेली. तिचा कायदा मात्र तसाच राहिला, कारण तो उठवायचं कुणाला सुचलंच नाही. सकाळची धार पार्वतम्मा काढायची आणि चंबू त्याच्या हातात आणून द्यायची. सांजेचं दूध विरजायचं, त्याचं लोणी त्याच्या भाकरीवर, आणि ताक घराला. लिंगायताच्या घरी ताटात कण टाकत नाहीत, जेवण हा प्रसाद मानतात. माणिकप्पा जेवण झालं की ताटात पाणी घ्यायचा, बोटांनी ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकायचा. पाहुणे कौतुकाने बघायचे. त्याच्यामागून चुलीपुढे बसून पार्वतम्मा काय खाते, हे त्याने पंधरा वर्षांत वळून पाहिलं नाही. पाहू नकोस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पाहा असंही कुणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर सांगायची गरजच पडायला नको होती.

तिला पहिली मुलगी झाली, नागम्मा. त्यानंतर दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. नागम्मा आठ वर्षांची असताना पार्वतम्माला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना लागला आणि एका सकाळी ती विहिरीवरून येताना वाटेतच खाली बसली. घागर फुटली. माणिकप्पा धावत गेला. ज्वारीचं पोतं उचलायच्या जोराने त्याने तिला उचललं आणि त्याचाच तोल गेला, दोन पावलं मागे सरकावं लागलं. पोटात मूल असलेली बाई, आणि हातावर वजनच नव्हतं.

गाडी जुंपून तिला आळंदला हकिमाकडे नेलं. म्हाताऱ्या हकिमाने तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली. पांढरीफटक होती. मग त्याने मान वर करून माणिकप्पाला नखशिखांत न्याहाळलं.

"खाना एकीच चूल्हे पे पकता ना तुम्हारे घर में?"

"हौ, हकीम साब."

"एक घर के दो लोगां. एक इत्ता, एक इत्ती. इसके हिस्से का किने खाया?"

माणिकप्पाने बायकोच्या नखांकडे पाहिलं. पार्वतम्माच घाईने म्हणाली, "मी खाते की, साहेब. माझी अंगलटच अशी हाय." नवऱ्याला बोल लागू नये म्हणून तिची ती धडपड ऐकून माणिकप्पाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या दिवसापासून चंबू फिरला. तो स्वतः धार काढायचा आणि ती पीत असेपर्यंत समोर उभा राहायचा. भाकरीवर लोणी घालायचा. गूळ, तीळ, खारीक, हकिमाने सांगितलं ते सगळं आणलं. तीही गुमान सगळं घ्यायची.

"तुमचं दूध समदं संपवायले मी," एकदा ती संकोचून म्हणाली. तेव्हाही तिच्या लेखी ते दूध त्याचंच होतं.

पंधरा वर्षांची उपासमार महिनाभरात कुठे भरून निघते. आठव्या महिन्यात ती अडली, आणि बाळ-बाळंतीण दोघंही गेली. शेताच्या बांधाशी त्यांना पुरलं. लहानग्या नागम्माला तिचे आजोळचे लोक औरादला घेऊन गेले. एकट्या बाप्याने पोर कशी सांभाळायची, म्हणून त्यानेही अडवलं नाही.

माणिकप्पाने म्हैस विकली. मुदगल चुलीत घातले. शिळी भाकरी, चटणी, वाटेल तेव्हा जेवण, कधी नाहीच. आपलं शरीर झिजावं असं त्याला मनापासून वाटायचं. पण शरीराने ऐकलं नाही. एकदा घडलेली छाती उतरेना, पहाटेची जागही चुकेना. शेजारचा बसलिंगप्पा भेटेल तेव्हा पाठीवर थाप मारायचा. "पन्नाशीला आलास पैलवान, पर अजून बैलाची ताकद हाय. ह्येला म्हनत्यात कमाई." माणिकप्पा मान खाली घालून पुढे जायचा. ती ताकद कुणाची होती, हे गावात फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि ती अंगावर वागवत त्याने दहा वर्षं काढली.

नागम्माचं लग्न औरादकडेच झालं. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. आजी वारलेली, म्हणून बाळंतपणाला ती निंबर्ग्याला बापाकडे आली. गाडीतून उतरली तेव्हा माणिकप्पाने आधी तिची नखं पाहिली. आईसारखीच होती.

त्याने दुसऱ्या दिवशी दुभती म्हैस आणली. एवढ्या वर्षांत भाकरी थापायला तो शिकला होताच. मेथी, चुका, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे असं सगळं हाताने करून तो आधी तिला वाढायचा आणि ती जेवेपर्यंत समोर बसायचा. सकाळ-संध्याकाळ अंगणात तिला हळूहळू फिरवायचा, दमली की बसवायचा. ती सगळं ऐकायची. भरलेला चंबू मात्र "ठिवा, पिते मागनं" म्हणायची आणि दार लोटून घ्यायची.

पंधरवडा झाला तरी तिचा चेहरा पांढराच. म्हशीचं रेडकू मात्र तुकतुकीत व्हायला लागलं. एका सकाळी माणिकप्पा गोठ्यात शिरला तर पोर रेडकाच्या तोंडाशी चंबू धरून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा तो घरातल्या बाईमाणसावर ओरडला.

"मरायचं हाय का तुला? कामून पीत न्हाईस?"

ती घाबरून भिंतीला टेकली.

"अव्वानं सांगितलंय, अप्पा. आपल्या घरच्या दुधात तुमच्या छातीचं औषध असतंय. कडूजहर असतंय. लेकरानं पिलं तर आतडी जळत्यात. मी कंदीच पिले न्हाई. भेवून आजोळीबी न्हाई, सासरीबी कुनी दिलं न्हाई." तिने चंबू खाली ठेवला. "आन् शेवटी अव्वा पिली की. मी बघितलंय. महिनाभर पिली आन् गेली."

माणिकप्पा तिथेच शेणात खाली बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"औषध काई नव्हतं, माय," तो म्हणाला. "तू मागू ने म्हून तुझ्या आईनं तसं सांगितलं. तू मागितलं असतंस तर मला कमी पडलं असतं."

नागम्माने उरलेल्या दुधाचा चंबू उचलला, डोळे गच्च मिटले आणि श्वास रोखून एक घोट घेतला. थोडी थांबली. पुन्हा एक घोट घेतला.

"गोड हाय की, अप्पा," ती म्हणाली.